जाताना एक्केचाळीस

सोमवार, ३ मार्च

पोचले. दोन बस बदलून, सामानाचे पाच डाग सांभाळत. पण दुर्बीण शाबूत आहे आणि मीही. मास्तर स्वतः थांब्यावर न्यायला आले होते. गणिताचे निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना मास्तरच म्हणतात, त्यांची बायकोसुद्धा. तिला सगळे काकू म्हणतात, म्हणून मीही म्हणाले. काकूंनी मागची खोली झाडूनपुसून ठेवली होती. लोखंडी खाट, टेबल, खुर्ची आणि खिडकी उघडली की समोर समुद्र. आमच्या ऑफिसातले लोक असल्या खोलीसाठी रजा टाकतात. मला ती कामावर मिळाली.

काम असं आहे. मास्तरांचं राहतं घर रस्त्याला लागून आहे. मागच्या ओट्याची पायरी उतरलं की गवताची मोकळी जमीन सुरू होते, हलक्या उतारानं कड्यापर्यंत जाते आणि तिथे संपते. खाली बावीस मीटरवर पाणी. या मोकळ्या जमिनीच्या मध्यावर त्यांना मुलीसाठी घर बांधायचं आहे. जमीन टिकेल का, कडा वर्षाला किती झिजतो, पाया कड्यापासून किती लांब घ्यावा, हे मी लेखी द्यायचं. चौदा दिवस पुरेत.

आईला फोन केला. ती म्हणाली, तुझं प्रत्येक काम पहिले दोन दिवस सोपंच असतं.

मंगळवार, ४ मार्च

सकाळी ओहोटीला शेजारच्या पायवाटेनं खाली उतरून कड्याचा पायथा पाहिला. काळा, सलग खडक. लाटा आपटतात, पण कुठे आत कोरलेलं नाही. त्यावर तांबूस घट्ट माती. पाझर एकाच जागी, तोही करंगळीएवढा. जमीन सरकत असेल तर तिच्यावरची झाडं बुंध्याशी वाकतात. इथली तिन्ही झाडं तपासणीच्या दिवशीच्या वर्गासारखी ताठ उभी आहेत. कड्यालगत एक जुना तडा आहे. त्यावर आडव्या दोन काचपट्ट्या चिकटवल्या. जमीन केसभर हलली तरी काच तडकते. रोज सकाळी जाऊन बघायचं.

दुपारी इथलेच एक गवंडी आले. बांधकाम त्यांच्याकडेच जायचं आहे, त्यामुळे पाया कधी खणायचा हे विचारायला ते रोज येतात आणि चहा पिऊन जातात, असं काकूंनी त्यांच्यासमोरच सांगितलं. मी त्यांना कामाला लावलं. पायरीपासून कड्यापर्यंत सरळ रेषेत दर पाच मीटरला एक अशा आठ खुंट्या ठोकल्या. लाल रंगानं आकडे मी घातले. पायरी ते कडा: एक्केचाळीस मीटर वीस.

बुधवार, ५ मार्च

आज फितीनं पक्कं मोजमाप. आमच्या धंद्यात कुठलंही अंतर एकदा मोजून सोडत नाहीत. फितीची कडी इकडच्या टोकाला अडकवून जाताना एकदा मोजायचं, मग तिकडे अडकवून येताना एकदा. थोडा फरक येतोच. दोन्हींची सरासरी काढायची आणि पक्क्या वहीत तेवढीच उतरवायची. कच्च्या नोंदी कुणी वाचत नाही.

जाताना ४१.२०. येताना ४१.२४.

चार सेंटिमीटर. वारा होता, फितीला झोल पडला असेल. गवंडी म्हणाले, जाताना उतार आणि येताना चढ, बाई, चढाला कुणाचेही पाय कुरकुरतात, तुमच्या फितीनं का कुरकुरू नये. वहीत ४१.२२ लिहिलं. मास्तरांनी शेजारी बसून सरासरी तपासली. आयुष्यभर सरासरी शिकवली आहे त्यांनी. हाताला सुटत नाही.

एक बारीक गोष्ट. काकूंची कपडे वाळत घालायची दोरी दुसऱ्या खुंटीच्याही पुढे जाते, पण त्या कपडे घालतात घराकडच्या अर्ध्या दोरीवरच. ओल्यावर ओलं, नुसती दाटी. मी म्हटलं, पुढची अर्धी रिकामीच आहे की. त्या म्हणाल्या, तिकडे वारं फार. वारं दोन्हीकडे सारखंच होतं.

शुक्रवार, ७ मार्च

तीन ठिकाणी भोकं पाडून मातीचे नमुने काढले. हातात घेतली की कळते अशी चांगली माती. काचपट्ट्या अखंड. इतकी सरळ जागा मला पाच वर्षांत मिळालेली नाही.

फीत मात्र डोकं खाते आहे. जाताना ४१.२०. येताना ४१.५२. हे वाऱ्यावर ढकलता येत नाही. खात्रीसाठी पुन्हा मोजलं. येताना ४१.६०. पुन्हा, ४१.६९. जाताना दर वेळी बरोबर ४१.२०. उन्हात डोकं तापलं तेव्हा सोडून दिलं, सरासरी काढली आणि वही मिटली.

संध्याकाळी मास्तरांनी मुलीला फोन लावला. तिला घरात ताई म्हणतात. नवरा गेल्यापासून ती चार वर्षांच्या लेकीला घेऊन शहरात एका खोलीत राहते. खोली ठेवणार की सोडणार, हे तिला मालकाला तीन दिवसांत कळवायचं होतं. फोनवर मास्तरांचा आवाजच बदलला, वर्गात नापास मुलाचा पेपर परत देताना बदलत असेल तसा. मग त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी म्हणाले, लेखी द्यायला वेळ आहे, पण जमीन उत्तम आहे आणि माझं मत बदलेल असं वाटत नाही. ताई म्हणाल्या, बरं वाटलं हो.

मलाही बरं वाटलं.

शनिवार, ८ मार्च

फीत तपासली. समोरच्या रस्त्यावर चाळीस मीटर मोजले, जाताना आणि येताना. सुताचाही फरक नाही. फीत ठीक आहे.

ओट्यावर दुर्बीण लावली आणि कड्यावर गवंड्यांना मापपट्टी धरून उभं केलं. ४१.२०. मग दुर्बीण कड्यावर नेऊन पट्टी ओट्यावर ठेवली. ४१.२०. नजरेनं दोन्हीकडून तेवढंच. पायांनी चालत आलं की जास्त. आज येताना ४२.९०.

हे वाढीव अंतर कुठे शिरतं ते शोधायचं म्हणून परतताना खुंट्या वाचत आले. आठ, सात, सहा, पाच. मग एक जुनी, ऊनपावसानं करडी पडलेली खुंटी. तिच्यावर निळ्या रंगात ३. मग माझी चार.

मी थांबले, वळले आणि परत कड्याकडे चालत गेले. चार, पाच, सहा. मध्ये करडी खुंटी नव्हती. कड्यावरून पुन्हा घराकडे निघाले. पाच. करडी खुंटी. हात लावला. ओली होती. चार.

गवंड्यांना सांगितलं तर ते हसले आणि स्वतः गेले. परत आल्यावर बराच वेळ तोंड पुसत बसले. जाताना पंचावन्न पावलं भरली, येताना एकसष्ट. गुडघ्याचं दुखणं आहे म्हणाले. चहाला थांबले नाहीत.

रविवार, ९ मार्च

सुट्टी. मागच्या जमिनीवर पाऊल टाकलं नाही.

जेवताना मास्तरांना निळ्या खुंटीबद्दल विचारलं. सहा वर्षांपूर्वी ही जमीन मोजायला एक गृहस्थ आले होते, जाड चष्म्याचे. काम अर्धवट टाकून गेले, म्हणाले. काकू ताट उचलून आत निघून गेल्या. अजून निम्मं जेवण व्हायचं होतं त्यांचं.

मास्तरांनी कपाटातून त्या गृहस्थांची कच्ची वही काढून दिली. माणूस वही टाकून जात नाही. आम्ही लोक एक वेळ चप्पल विसरू. प्रत्येक पानावर जाताना आणि येताना असे दोन रकाने. तिसरा रकाना सरासरीचा, त्यातलं अक्षर वेगळं, सुबक. मास्तरांचं. जाताना दर वेळी ४१.२०. येताना ४१.२६, ४१.९०, ४३, ४५. शेवटच्या पानावर येताना ४९.८५. त्याची सरासरीसुद्धा मास्तरांनी काढून ठेवली आहे. त्याखाली चष्मेवाल्यांच्या अक्षरात: खात्रीसाठी पुन्हा एकदा.

पुढची पानं कोरी.

सोमवार, १० मार्च

सकाळी एकदाच गेले. शनिवारी आम्ही सोडलं तिथूनच पुढे, एका खेपेची वाढ. रविवारची वाढ नाही. म्हणजे दिवसांनी वाढत नाही. मग सगळ्या खेपा मोजल्या: माझ्या, गवंड्यांच्या, काचपट्ट्या बघायला गेले त्या, नमुने आणायला गेले त्या. सदतीस. कागदावर आलेख काढला. कुणी गेलं हे त्या जमिनीला सारखंच. प्रत्येक खेप पुढच्याचा परतीचा रस्ता लांबवते, आणि आधीच्या खेपेपेक्षा जास्त लांबवते. रेघ आधी जवळजवळ आडवी होती. आता ती वर वळली आहे.

सहा वर्षं इथे कुणी चाललं नाही, म्हणून ती आखडून बसली होती. आम्ही मोजून मोजून तिला सैल केली.

काकू स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या. मी वही पुढे ठेवून समोर बसले. त्यांनी हातातली जुडी निवडून संपवली. मग सांगितलं. चष्मेवाले दुपारी जेवून कड्यापर्यंत गेले आणि परत फिरले. घराकडे तोंड करून चालत होते. दोघं ओट्यावरून बघत होती. पाय उचलत होते, पुढे टाकत होते, आणि तिथेच होते. हाका मारल्या तर हात करायचे. मास्तर निम्म्यापर्यंत गेले, तर परत यायला त्यांना तासभर लागला; पुन्हा जायची त्यांची छाती झाली नाही. अंधारायला लागलं.

"दिवा आणायला म्हणून मी आत वळले," काकू म्हणाल्या. "मास्तर चष्मा पुसत होते. एवढंच गं. बघितलं तर जागा रिकामी."

समुद्रात पडले असतील, असं सगळ्यांनी ठरवलं. या दोघांनीही तेच सांगितलं. मास्तरांनी नंतर सरासरी पुन्हा पुन्हा काढून पाहिली. ती प्रत्येक वेळी बरोबर येत होती, मग चूक कुठे आहे? सहा वर्षं गेल्यावर आपणच घाबरून काहीतरी पाहिलं असं दोघांना वाटायला लागलं होतं. आणि ताईला घर हवं होतं.

मंगळवार, ११ मार्च

ऑफिसात साहेबांना फोन केला. जागा नाकारते आहे म्हटलं. त्यांनी विचारलं, माती वाईट आहे? नाही. पाझर? नाही. तडा वाढला? नाही. मग काय, आवडली नाही? असं म्हणून ते हसले. रजा हवी असेल तर सरळ माग म्हणाले.

ताईंना फोन लावला. लागला नाही. मास्तरांना ताईंच्या शेजारणीकडून निरोप मिळाला की खोली रिकामी केली, सामान टेम्पोत चढवलं, माय-लेकी निघाल्या. उद्या पोचतील. माझ्या एका वाक्यावर.

गवंड्यांची पहार कड्यावर राहिली होती. मी नको म्हटलं होतं. मी खोलीत असताना ते गेले. सकाळी साडेनऊला गेले आणि पायरीला हात लावला तेव्हा दुपारचा एक वाजत होता. आम्ही तिघं सगळा वेळ त्यांच्यावर डोळे लावून उभे होतो. काकूंनी चुलीवरचं दूध उतू जाऊ दिलं, पण आत गेल्या नाहीत. एरवी तोंडाचा पट्टा न थांबणारा माणूस पायरीवर बसला आणि तांब्याभर पाणी एका दमात प्यायला.

मग हळूच म्हणाले, "बाई, मी रडलो तिथं. कुणाला सांगू नका."

वाटेत निळ्या खुंट्या किती लागल्या, विचारलं. सुरुवातीला मोजल्या, म्हणाले. खुंट्या संपल्यावर दगडांचे छोटे ढीग लागले. एका ओळीत. माणूस हजार पावलांची खूण म्हणून ठेवतो तसे.

बुधवार, १२ मार्च

आल्या. ताई माझ्याच वयाच्या. मुलीला घरात चिमणी म्हणतात. आल्या आल्या तिनं माझ्या दुर्बिणीतून उलट्या बाजूनं बघितलं आणि आजोबा इतके लांब का गेले म्हणून हसली. मला ते ऐकवलं नाही.

ताईंना समोर बसवून सगळं सांगितलं. वह्या दाखवल्या, आलेख दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, शुक्रवारी फोनवर तुम्हीच बोललात ना? जमीन उत्तम, पण तिच्यावर पाऊल टाकू नका, असं कोणतं शास्त्र सांगतं? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? मी ऐकून घेतलं. त्यांचं बरोबर होतं. काकू मध्ये बोलायला गेल्या आणि रडायला लागल्या, तेव्हा ताईंनी वही पुन्हा उघडली.

गवंडी उद्या दुपारी खांब आणि तार घेऊन येणार. ओट्यालगतच कुंपण. तोपर्यंत मागच्या दाराला कडी. कडीवर कुलूप. किल्ली माझ्याकडे.

गुरुवार, १३ मार्च

हे मी जमिनीवर बसून लिहिते आहे. पायरी समोर आहे. दिसायला तीस-बत्तीस मीटर.

सकाळी टेम्पोवाले सामान उतरवत होते. मोठं कपाट पुढच्या दारातून आत जाईना. त्यांनी मागचं दार मागितलं. मास्तरांनी किल्ली माझ्याकडून घेतली, पाच मिनिटांसाठी. मी समोर उभीच होते. कपाट आत घेताना सगळे कपाटाकडे बघत होते. मीही.

चिमणीची टोपी वाऱ्यानं उडाली. ती मागे धावली.

मी धावले. धावता धावता कमरेला लावलेल्या फितीची कडी ओट्याच्या खांबाला अडकवली. हाताची सवय, डोक्याची नव्हे. चिमणी कड्यापासून दोन पावलांवर होती. उचलली. टोपी गेली. ती रडते आहे, टोपीसाठी.

तेव्हा साडेदहा होते. आता सव्वाबारा.

तीच दुपार

फीत समोर गवतावर सरळ पडली आहे, पायरीपर्यंत. तिच्या कडेकडेनं चालते आहे. आकडे वाचते आहे. ३० आलं. २९. २८. मग बराच वेळ गवत. २८. पुन्हा गवत. २८.

चिमणी कडेवर. कधी चालते. ती दमली. मला विचारते, आई जवळ का येत नाही.

ओट्यावर सगळे आहेत. मास्तर खुर्ची घेऊन बसलेत, चष्मा डोळ्यांवर. मी ओरडून सांगितलं, आळीपाळीनं बघा. सगळ्यांनी एकदम नजर काढू नका. कुणी खाली उतरू नका. ताईंना गवंड्यांनी धरून ठेवलं आहे. हाका ऐकू येतात. काकूंच्या हातातल्या बांगड्यासुद्धा वाजलेल्या ऐकू येतात.

पहिला दगडांचा ढीग मागे गेला.

तीन वाजले

सात ढीग. आठवा पुढे दिसतो आहे. पाणी नाही. चिमणीचे ओठ सुकले. गोष्ट सांगते आहे तिला. दोन झाल्या.

आठव्या ढिगाशी एक चष्मा. काचा शाबूत. घडी घालून ठेवलेला, रात्री उशाशी ठेवतात तसा. चिमणीला दिसू दिला नाही.

घसा बसत चालला. ओरडून —

साडेतीन

सुचलं. मूर्खासारखी पाच तास चालले.

चालणं लांबतं. फीत लांबत नाही. खांबापासून माझ्या हातापर्यंत ती अठ्ठावीसच मीटर आहे. तिकडून त्यांनी गुंडाळली तर? आम्ही पाऊल टाकायचंच नाही. नुसतं बसायचं.

दोघींना एकदम करून बघितलं. फीत कमरेला बांधली, चिमणी मांडीवर. गवंडी आणि मास्तरांनी ओढली. सरकलो. हातभर खरंच सरकलो — खांब मोठा दिसला. मग फर्र आवाज. माझ्यापाशी निम्म्या रुंदीपर्यंत फाटली. कापडी फीत, मोठ्या माणसाचा भार तिला झेपत नाही.

थांबवलं त्यांना. सोडली.

चिमणीला बांधते. फाटलेला भाग दुमडून, तिढा घालून, दोन गाठी. तिला म्हटलं घसरगुंडी आहे. पाय वर धर. खाली टेकवायचे नाहीत, अजिबात नाहीत.

पोचली.

दहा मोजेपर्यंत पोचली. गवतावरून घसरत, हसत. मागे वळून मला हात केला. पायरीला लागली तेव्हा ताईंनी उचलली आणि तशाच खाली बसल्या. मी बघत होते. सगळं बघितलं. मलासुद्धा हसू आलं.

पोचली.

पाच वाजले

फीत आता त्यांच्याकडे आहे.

गवंड्यांनी टोकाला दगड बांधून फेकली. तिसऱ्या खुंटीपाशी पडली. पुन्हा. पुन्हा तिथेच. वारं समुद्राकडून आहे. तिसरी खुंटी मला दिसते, आकडा माझाच. तिच्याकडे चालते आहे. ती येत नाही.

दहावा ढीग. यापुढचे ढीग वेडेवाकडे. एकात तीनच दगड.

टेम्पोवाला दोर आणायला गेला. गाव किती लांब — मला ठाऊक नाही. विचारलंच नव्हतं.

ऊन पिवळं झालं. माझी सावली पायरीकडे लांबते आहे. सावली पोचेल.

सहा

आवाज येत नाही आता. तोंड हलतं नुसतं.

मास्तर डोळे पुसत नाहीत. पाणी गालावरून वाहतं, पुसत नाहीत. बघताहेत. काकू दिवा घेऊन बाहेरच उभ्या, आधीच लावलेला. शहाण्या.

पण सूर्य —

बारावा ढीग. त्याच्या पुढे ढीग नाही.

ताईंनी चिमणीला काकूंकडे दिलं. फीत हातात घेतली. कमरेला बांधताहेत. गवंडी नको म्हणतात, त्या ऐकत नाहीत. मला ओळखू येतं काय बोलत असतील. माझी पोर आणून दिलीत, तुम्हाला कशी सोडू.

फाटकं टोकच त्यांनी कमरेला बांधलंय. दुमडलेलं आहे. त्यांना दिसत नाही कुठपर्यंत फाटलंय. मला माहीत आहे. फक्त मलाच —

उठून उभी राहिले. दोन्ही हात वर करून हलवते. नको. नको. येऊ नका. जाताना एक्केचाळीसच आहे ताई, जाताना काही वाटत नाही —

त्यांनी मान डोलावली. आले, आले, असं हातानं करताहेत. पायरीवर आल्या, खाली पाय टाकायची जागा बघताहेत. बाकी सगळे त्यांच्याकडे बघताहेत. त्यांना वाटतंय मी बोला